रात्रीच्या गायी

रात्री केव्हातरी जाग आली ती आवाजाने. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात तंबूत झोपायचं म्हणजे आवाजांशी जुळवून घ्यावंच लागतं. तरसाची खालून वर चढत जाणारी हाक, नदीतल्या पाणघोड्यांचं घशातलं हसणं, तंबूच्या कापडाला लागून काहीतरी गवत उपटतंय त्याचा करकर आवाज. हा आवाज मात्र त्यांतला नव्हता. पत्र्याची घंटा होती. बसकी, लय नसलेली, चरताना मान हलली की वाजावी तशी. एक वाजली, मग जरा लांब दुसरी, मग तिसरी. मधूनच माणसाने दातांतून घातलेली बारीक शीळ. अंधारात तंबूबाहेर पडायचं नाही असा नियम होता, म्हणून मी पांघरुणात बसून ऐकत राहिले. बराच वेळ. पहाटेच्या आधी आवाज हळूहळू उत्तरेकडे सरकले आणि विरले.

सकाळी न्याहारीला कॅम्पच्या मॅनेजरला विचारलं, तर तो फार गोड हसला. म्हणाला, मॅडम, रिझर्व्हमध्ये गायी नसतात, गुरांना इथे बंदी आहे. वारा असेल. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी थेपल्याचा डबा पुढे करत "स्वप्नात गोठा आला असेल" अशी पुस्ती जोडली आणि टेबल हसलं. विषय तिथेच संपायला हवा होता. पण जीप निघाली आणि ओढ्याच्या ओल्या काठावर मला खुरांची गर्दी दिसली. खूर काय, रानरेड्यांचेही असू शकतात. त्या खुरांच्या शेजारून मात्र माणसाच्या पावलाच्या आकाराचा एक ठसा गेला होता आणि त्या ठशात गाडीच्या टायरची नक्षी होती. जुन्या टायरच्या चपला इथली मसाई गुराखी माणसं घालतात, हे आदल्या दिवशीच गाईडने दाखवलं होतं. मी ठशाकडे बघत्ये हे त्याने आरशात बघितलं. काही न बोलता गिअर बदलला आणि रेडिओवर सिंहाची खबर विचारायला लागला.

त्या "गायी नसतात"ने मला जो त्रास दिला तो अजून गेलेला नाही.

दुपारी तालेकच्या बाजारात चहाला थांबलो तेव्हा गाईड आपणहून बोलला. तो तिथलाच, मसाई, चाळिशीचा, इंग्रजी उत्तम. पाऊस लांबला की बाहेरचं गवत संपतं, मग पोरं अंधार पडल्यावर गुरं आत घालतात आणि उजाडायच्या आत बाहेर काढतात. सापडलं तर दंड. सिंहाने गाय मारली तर ती गेली, कारण आत का आणली या प्रश्नाला उत्तर नाही. "कालची बहुतेक माझ्या आत्याच्या मुलाची असतील," तो म्हणाला आणि चहात आणखी साखर घातली. दिवसा ज्या पाहुण्याला तो याच गवतावर चित्ता दाखवतो, त्याला रात्री त्याच गवतावर त्याच्या घरच्या गायी ऐकू येतात, आणि मधल्या माणसाला वारा म्हणावं लागतं.

आपण तिथे जातो ते मोकळं बघायला. क्षितिजापर्यंत गवत, एखादं बाभळीचं छत्रीसारखं झाड, आणि माणसाचा मागमूस नाही. फोटोत विजेचा खांब येऊ नये म्हणून आपण खाली वाकतो. ही जागा अनादी काळापासून अशीच असेल असं वाटतं, आणि वाटावं अशीच ती ठेवलेलीही आहे. पण नैवाशा, नाकुरू, लाइकिपिया, सेरेंगेटी, नुसती नावं घेत गेलं तरी एकामागून एक गायी उठवल्याची कहाणी लागते. गंमत म्हणजे, यातलं फारच थोडं भाल्याने झालं. जवळजवळ सगळं कागदाने झालं.

आधी बुळकांडी आली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव ऐकून अजूनही अंगावर काटा येतो. १८८७ च्या सुमारास लाल समुद्राच्या काठी इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग आफ्रिकेत शिरला असं मानतात. ती गुरं हिंदुस्थानातून आली होती असंही काही जण म्हणतात. १८९० नंतर दोन-तीन वर्षांत मसाई मुलखातली बहुतेक सगळी गुरं मेली. पाठोपाठ देवी, पाठोपाठ दुष्काळ. दूध, रक्त आणि मांस यांवर जगणाऱ्या लोकांची गाय गेली म्हणजे काय गेलं हे वेगळं सांगायला नको. त्या काळाला मसाई एमुताई म्हणतात. इंग्रज नेमके त्याच वर्षांत पोचले. त्यांना दिसला तो अर्धा रिकामा, गवत वाढलेला, थंड हवेचा प्रदेश. आणि रिकामं दिसलेलं रिकामंच होतं असं त्यांनी दप्तरात लिहून टाकलं.

तरी मसाईंना नुसतं बळी म्हणून उभं करायला मन तयार होत नाही. लाइकिपियाच्या पठारावर आधी लाइकिपियाक नावाचे त्यांचेच भाऊबंद होते. १८७० च्या दशकात पुर्को आणि इतर मसाई शाखांनी त्यांना मोडून काढलं. पुढे इंग्रज जेव्हा किकुयू आणि नांदी लोकांवर चाल करून गेले तेव्हा मसाई तरुण त्यांच्या बाजूने भाले घेऊन होते, कारण लुटीतल्या गायींचा वाटा मिळत होता. बुळकांडीने रिकामे केलेले वाडे पुन्हा भरायचे होते. एंबातियान या थोर लाइबोनच्या दोन मुलांत वारशाचं भांडण होतं. त्यातला ओलोनाना इंग्रजांकडे आला आणि इंग्रजांनी त्याला सगळ्या मसाईंचा मुख्य करून टाकलं. आता लाइबोन म्हणजे भविष्य सांगणारा, मंत्र-औषध जाणणारा, सल्ला ज्याचा घ्यायचा तो. हुकूम देणारा राजा मसाईंत कधी नव्हताच. प्रत्येक वयोगटाचा आपला प्रवक्ता असे आणि निर्णय झाडाखाली बसून, बोलून बोलून, सगळे थकले की होत. पण सरकारला सही करायला एक माणूस लागतो. नसेल तर ते तो तयार करतं.

करारावर सही झाली ऑगस्ट १९०४ मध्ये. मोंबासाहून बांधलेल्या रेल्वेचा खर्च अंगावर आला होता आणि तो भरून काढायला गोरे शेतकरी हवे होते. नैवाशा-नाकुरूची खचदरी त्यांच्या डोळ्यांत भरली होती. त्यांतल्या लॉर्ड डेलामेअरना न्जोरोजवळ एक लाख एकर ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळाले. मसाईंनी दरीतून निघून दोन राखीव मुलखांत जायचं, एक उत्तरेला लाइकिपियावर, एक दक्षिणेला, आणि दोन्हींच्या मध्ये जायला-यायला अर्धा मैल रुंदीची वाट ठेवायची असं ठरलं. करार किती काळ टिकणार? मसाई ही जमात जोवर अस्तित्वात असेल तोवर, असं त्यात लिहिलं होतं. वाट कधी झाली नाही. करार टिकला सात वर्षं. जमात अजून आहे.

१९११ मध्ये नवा करार आला: लाइकिपियाही सोडा, सगळे दक्षिणेला चला. ओलोनाना त्याच वर्षी वारला, आणि सरकारचं ऐका, दक्षिणेला जा, असं त्याने मरताना सांगितल्याचं अधिकाऱ्यांनी नोंदवलं. मरणाऱ्याचे शब्द किती सोयीचे असू शकतात! उत्तरेकडचा प्रवक्ता लेगालिशू मात्र खाली पाणी नाही, गोचीड आहे, गुरं मरतील असं सांगत राहिला. सरकारी हिशेबाने १०,००० च्या आसपास माणसं, पावणेदोन लाख गुरं आणि दहा लाखांवर शेळ्या-मेंढ्या हलल्या. वाट माऊच्या डोंगरावरून, जिथे पाऊस आणि गारठा हाडांत शिरतो. माणसं आणि वासरं वाटेत मेली, हलवणं मध्येच थांबवावं लागलं, पुन्हा सुरू झालं, १९१३ ला संपलं. आणि लेगालिशूचं खरं ठरलं. दक्षिणेच्या गोचिडांनी आणलेल्या तापाने उत्तरेत वाढलेली गुरं पटापट पडली.

त्यातही त्यांनी एक गोष्ट केली जिचं मला सगळ्यांत नवल वाटतं. ते कोर्टात गेले. १९१२ मध्ये ओले न्जोगो आणि इतरांनी वकील लावून सरकारवर दावा ठोकला, वकिलाच्या फीसाठी गायी काढल्या. नॉर्मन लेस नावाच्या सरकारी डॉक्टरने आतून मदत केली आणि त्याची बदली झाली. निकाल १९१३ चा. कोर्ट म्हणालं, मसाई हे ब्रिटिश प्रजा नाहीत, संरक्षित प्रदेशातले परकीय आहेत. त्यांच्याशी झालेला करार म्हणजे दोन सत्तांमधला तह. आणि तहाबद्दल आमच्या कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणजे जमीन लिहून द्यायची त्या क्षणापुरते तुम्ही सार्वभौम राष्ट्र, पुढच्या क्षणी मुकाट चालायचं. मोंबासाचं अपील त्याच वर्षी फेटाळलं गेलं. मी हा निकाल दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या हुशारीला मनातल्या मनात दाद दिली गेली याची चीडही आली.

या कागदांच्या दुनियेत मला आपला हात दिसतो, तो जरा अवघडच वाटतो. रेल्वे बांधायला आलेले मजूर बहुतेक पंजाबातले, तीस हजारांवर, त्यांतले अडीच हजार तिथेच गेले. त्यांच्याबद्दल आपल्याला ठाऊक असतं, मजुरांना खाणाऱ्या त्सावोच्या सिंहांमुळे तर जास्तच. पण मजुरांबरोबर हिंदुस्थानातून कायदेही गेले होते. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपया चालत होता. झांझिबारच्या ब्रिटिश कोर्टावरचं अपील मुंबईच्या हायकोर्टात येत होतं. आणि मोंबासाहून निघालेल्या रुळांसाठी जमीन घ्यायला जो कायदा लावला, तो हिंदुस्थानचा १८९४ चा भूसंपादन कायदा. तोच. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला, पुढे कोयनेपासून कितीतरी धरणांखाली गावं ज्याने गेली, तोच. माझ्या आजोळच्या घरात त्याच्या कलम चारच्या नोटिशीचा पिवळा कागद अजून ट्रंकेत आहे. केनियाने स्वतःचा कायदा केला १९६८ मध्ये. आपण तो जुना सोडला २०१४ उजाडताना.

गाईडने दुसऱ्या दिवशी आईकडे नेलं. पर्यटकांसाठी उड्या मारून दाखवणारी वस्ती होती तिथे नाही, त्याच्या खऱ्या घरी. दाराशी लहान पोरं एकेक करून माझ्यासमोर डोकं वाकवून उभी राहिली. मला कळेना काय करायचं, मग त्याने सांगितलं, टाळूवर हात ठेव. गरम, धुळीची, मऊ केसांची टाळू. आत मिट्ट काळोख, शेणाने लिंपलेल्या भिंती, आणि धूर. म्हाताऱ्या आईने भोपळ्याच्या बुधल्यातून दूध दिलं. बुधला आतून जळत्या रानऑलिव्हच्या लाकडाने घासतात, त्यामुळे दुधाला धुराचा वास येतो, तळाला लागलेल्या बासुंदीसारखा, आणि वर आंबट. मी पूर्ण प्याले. तिला बरं वाटलं असावं, कारण तिने पुन्हा भरला. हे घर तिने स्वतः बांधलेलं, काठ्या रोवण्यापासून लिंपण्यापर्यंत. मसाईंत घर बायकाच बांधतात. घराखालची जमीन मात्र मुलाच्या नावावर. जमिनीची वाटणी झाली तेव्हा कागद बहुतेक पुरुषांच्याच नावाने निघाले.

या वाटणीची गोष्ट मात्र स्वातंत्र्यानंतरची आहे, तिचा दोष इंग्रजांना देता येत नाही. त्याआधी, १९६२ मध्ये, स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी भरलेल्या लंडनच्या लँकेस्टर हाउस परिषदेत मसाई प्रतिनिधींनी जुन्या जमिनी परत मागितल्या. इंग्रजांनी नाही म्हटलं आणि गोऱ्यांनी सोडलेल्या बऱ्याच जमिनी पुढे इतरांकडे गेल्या. उरलेल्या राखीव मुलखात, नारोक आणि कजियाडोत, नव्या सरकारने १९६८ च्या कायद्याने सामूहिक रँच काढल्या. एका गटाची एक जमीन, एक समिती, नोंदलेले सभासद, वर जागतिक बँकेचं कर्ज. गुरं कमी करा, हद्दीत राहा, बाजारात विका. पण पाऊस समितीची हद्द बघून पडत नाही. इकडे कोरडं गेलं की शेजारच्या रँचमध्ये जायचं हे चालूच राहिलं. मग १९८० च्या दशकात वाटण्या सुरू झाल्या, माणशी तुकडा, आणि तुकडा हातात आला की विकण्याचा मोह. नैरोबीच्या दक्षिणेला कितेंगेलाच्या बाजूला जाऊन बघा: तार, गोडाऊन, फुलांचे पॉलिहाउस, प्लॉट विकणे आहे. लोइटाच्या मैदानात मोठमोठे तुकडे गव्हाला भाड्याने गेले आणि तिथे पिलं घालणारी विल्डबीस्ट नावाची मोठी हरणं पार कमी झाली. समित्यांतल्या हुशार मंडळींना नदीकाठचे तुकडे मिळाले, विधवांना खडक. भाऊबंदकी शिकवायला कुणी परका लागत नाही, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

आणि ते विल्डबीस्ट! त्यांच्यासाठीच तर आम्ही गेलो होतो, नदी ओलांडताना बघायला. तीन तास उन्हात जीप थांबवून, शेवटी ते आले तेव्हा धुळीने आणि त्या हंबरण्यासारख्या आवाजाने माझ्या घशात खरंच काहीतरी दाटलं. नंतर कळलं की १९६० च्या सुमारास ते जेमतेम अडीच लाख उरले होते, कारण बुळकांडी पाळीव गुरांतून त्यांच्यात जात होती. गुरांना लस टोचली, रोग हटला, आणि १९७७ पर्यंत विल्डबीस्ट १३ लाखांवर गेले. गाय बरी झाली म्हणून आमचा तमाशा उभा राहिला. उलट वाटेने मात्र देणं येतं: विल्डबीस्टच्या नवजात पिलांपासून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो, म्हणून ती पिलं घालतात त्या महिन्यांत मसाई आपली गुरं सगळ्यांत गोड गवतावरून काढून दूर नेतात. हे ते पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत, कुठल्याही वनखात्याच्या परिपत्रकाशिवाय.

सीमेपलीकडे टांझानियात हेच जरा जास्त उघडपणे झालं. १८८६ मध्ये इंग्रज आणि जर्मन यांनी किनाऱ्यापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे जवळजवळ सरळ रेघ मारली आणि मसाई दोन देशांचे झाले. सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९५८ मध्ये बारा वडीलधाऱ्यांनी ते सोडून देत असल्याच्या कागदावर निशाण्या केल्या आणि बदल्यात १९५९ मध्ये शेजारच्या न्गोरोंगोरोत राहायचा हक्क मिळाला. २०२२ पासून न्गोरोंगोरोतूनही लोकांना शेकडो किलोमीटर दूर हांदेनीकडे हलवणं चाललंय, आणि त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या लोलियोंदोत राखीव रानाच्या हद्दीचे खांब रोवताना गोळीबार झाला, लोक पळून केनियात आले. गाईडच्या घरी मागच्या खोलीत तेव्हा त्याचे लोलियोंदोचे नातेवाईक राहून गेले होते. एवढंच त्याने सांगितलं.

मारा रिझर्व्ह स्वतः १९४८ चं, १९६१ मध्ये वाढवलेलं, आणि ते राष्ट्रीय उद्यान नाही, नारोकच्या स्थानिक कारभाराचं. म्हणजे ज्या दंडाची भीती आत्याच्या मुलाला असते तो दंड मसाईंचीच काउंटी घेते. रिझर्व्हच्या बाहेर आता कॉन्झर्व्हन्सी आहेत: वाटणीत मिळालेले तुकडे शेकडो मालकांनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने द्यायचे, भाडं महिन्याला खात्यात, कुंपण घालायचं नाही, गुरं ठरल्या वेळी ठरल्या भागात. गाईडचा तुकडा अशाच एकीत आहे. त्याला हे पटतं का विचारलं, तर तो हिशेब सांगायला लागला: मुलीची फी त्यातून जाते. २०२० मध्ये पाहुणे बंद झाले तेव्हा भाडं अर्ध्यावर आलं आणि शेजाऱ्याने तार ओढली. त्याने नाही ओढली. भाड्याच्या पैशातून तो काय घेतो? गायी. त्या कुठे ठेवतो? भावाकडे, लांब. आणि पाऊस लांबला की? तो हसला. मीही पुढे विचारलं नाही.

परत आल्यावर हे सगळं मी फोनवर मामेबहिणीला सांगितलं. ती नैरोबीत पार्कलँड्सला राहते, लग्नापासून. मोठ्या दुष्काळात मसाई गुरं घेऊन शहरात येतात, रस्त्याच्या दुभाजकावरचं, बंगल्यांच्या बाहेरचं हिरवं खाऊ घालतात. दर वेळी वर्तमानपत्रात फोटो येतात, उंच इमारतींच्या पायाशी चरणाऱ्या गायी आणि हॉर्न वाजवणारी माणसं. तिच्या गल्लीतही आल्या होत्या. मेंदीचं कुंपण एका रात्रीत साफ. मी तिला म्हटलं, अगं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तुझ्या सोसायटीची जागा त्यांचं चरायचं रानच होतं, त्यांना कुणी विचारून घेतलं नव्हतं. ती शांतपणे ऐकत होती. भाजीला फोडणी दिल्याचा आवाज आला.

"ताई, तुझं १९०४ मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण रविवारी मीटिंग आहे आणि खजिनदार मी आहे. तारेचं करायचं की विजेचं, एवढंच ठरायचं राहिलंय."